लिनक्स वापरणाऱ्या नवशिक्यास मदत व माहिती कोठे मिळेल?

अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे हे तालुक्याचे ठिकाण मुंबई-नागपूर लोहमार्गावर, बडनेरा व वर्धा या स्थानकांच्या दरम्यान वसलेले आहे. कापसाची बाजारपेठ म्हणून ते पूर्वीपासून परिचित आहे. अशा तालुक्यातील शाळा, ग्रामपंचायती व लहान कार्यालये यांच्या कामकाजात संगणकाने आता कायमचे स्थान मिळविले आहे. शाळेची प्रश्नपत्रिका असो, ग्रामसभेचे इतिवृत्त असो की कर-आकारणीची नोंद असो, संगणक अडला की काम अडते. जाणकार मनुष्य गावात नसतो आणि यंत्र अमरावतीला नेण्यात दिवस मोडतो.

या नेहमीच्या अडचणीत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. विंडोज १० या संगणक-प्रणालीचा नियमित आधार तिच्या निर्मात्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. मर्यादित मुदतीची वाढीव सोय सोडली, तर या प्रणालीला सुरक्षिततेच्या नव्या सुधारणा मिळत नाहीत. तिच्या पुढील आवृत्तीसाठी ठरावीक पिढीचा प्रोसेसर आणि विशिष्ट सुरक्षा-चिप आवश्यक असल्याने अनेक जुने संगणक तिच्यासाठी अपात्र ठरतात. यंत्र सुस्थितीत आहे, पडदा व कळफलक चालू आहेत, परंतु प्रणाली कालबाह्य झाली आहे, अशी ही अवस्था आहे. अशा संगणकांना पुन्हा उपयोगात आणण्याचा एक मार्ग म्हणजे लिनक्स होय.

लिनक्स विनामूल्य मिळते हे अनेकांनी ऐकलेले असते. तरीही पाऊल अडखळते, कारण ‘अडचण आली तर विचारावयाचे कोणाला?’ या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसते. विकत घेतलेल्या वस्तूसाठी दुकानदार असतो. लिनक्ससाठी असा ठरलेला दुकानदार नाही. मात्र मदतीची व्यवस्था भक्कम आहे. ती कोठे व कोणत्या क्रमाने शोधावी, हे समजले की अर्धी अडचण दूर होते.

सहकार्यातून उभी राहिलेली प्रणाली

लिनक्सचा आरंभच मुळी एका विद्यार्थ्याने इतरांकडे केलेल्या विचारणेतून झाला. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्‌स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण छंद म्हणून एक प्रणाली तयार करीत असल्याचे जाहीर करून जाणकारांच्या सूचना मागविल्या. तत्पूर्वी १९८३ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ हा मुक्त आज्ञावलींचा प्रकल्प घोषित केला होता. या दोन प्रयत्नांच्या संगमातून आजची प्रणाली साकारली. तिची मूळ संहिता कोणालाही पाहता येते, सुधारता येते व दुसऱ्यास देता येते. आपल्याकडील शेतीत इर्जिकीची चाल आहे. एकाच्या शेतात सर्वांनी औते घेऊन जावयाचे आणि दुसऱ्याची पाळी आली की तेथेही जावयाचे. लिनक्समधील मदतीची रीत बरीचशी अशीच आहे.

भारतात या प्रणालीचा प्रसार झाला तो याच रीतीने. इंटरनेट दुर्मीळ असलेल्या १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाने लिनक्सच्या तबकड्या आपल्या वाचकांच्या हाती दिल्या. मुंबई व पुणे येथे वापरकर्त्यांचे गट निर्माण झाले. २००३ साली केवळ या विषयास वाहिलेले ‘लिनक्स फॉर यू’ हे इंग्रजी मासिक सुरू झाले. २०१२ पासून ते ‘ओपन सोर्स फॉर यू’ या नावाने ओळखले जाऊ लागले. भारतीय भाषांसाठी ‘इंडलिनक्स’ या स्वयंसेवी गटाने काम केले, तर ‘लोहित’ ही टंकमालिका २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाली. प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक या संस्थेने २००७ साली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली प्रसृत केली. आज लिनक्सवर मराठीतून काम करता येते, त्यामागे असे अनेकांचे श्रम आहेत.

पहिली मदत संगणकातच

नवशिक्याने मदतीचा शोध आपल्या संगणकापासूनच सुरू करावा. उबुंटूसारख्या प्रचलित लिनक्स प्रणालीत ‘हेल्प’ या नावाची सचित्र पुस्तिका अंतर्भूत असते. याशिवाय प्रत्येक महत्त्वाच्या आज्ञेची माहितीपत्रके संगणकातच साठविलेली असतात. ‘टर्मिनल’ उघडून रोमन लिपीत ‘मॅन’ हा शब्द व त्यापुढे मोकळी जागा सोडून आज्ञेचे नाव टंकित केले की ते पत्रक पडद्यावर येते; ‘क्यू’ ही कळ दाबली की मिटते. युनिक्स या पूर्वज-प्रणालीची अशी पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये तयार झाली होती. ही सोय वापरण्यास इंटरनेट लागत नाही, हे ग्रामीण भागाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मात्र ही पत्रके बहुतांशी इंग्रजीत आहेत.

मराठीतून पाठ

ही उणीव मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने बऱ्याच अंशी भरून काढली आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने व केंद्र शासनाच्या अर्थसाहाय्याने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात साधारणतः दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले जातात. पडद्यावर कृती दिसते आणि तिचे स्पष्टीकरण ऐकू येते. मूळ इंग्रजी पाठांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत करण्यात आले आहे. उबुंटू लिनक्सची ओळख, लिब्रे ऑफिसमधील पत्रलेखन व तक्ते इत्यादी विषय त्यांत आहेत. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका भागात पाठ चालवावा, तो थांबवून दुसऱ्या भागात तीच कृती स्वतः करावी व मग पुढे जावे, अशी ही पद्धती आहे.

हे पाठ मुक्त परवान्याखाली असून ते उतरवून घेऊन पेनड्राइव्हवर साठविता येतात. तालुक्याच्या ठिकाणी एकदा उतरविलेले पाठ गावोगावच्या शाळांत नेता येतात. वीज वा इंटरनेट खंडित होण्याचे प्रसंग लक्षात घेता ही सोय मोलाची आहे.

प्रश्न कसा विचारावा?

पुस्तिका व पाठ यांतून उत्तर मिळाले नाही, तर जाणकारांस विचारणे आले. जाणकार दूर असतो, त्याला आपला संगणक दिसत नाही. ‘प्रिंटर चालत नाही’ एवढेच सांगितल्यास तो काय उत्तर देणार? वैद्याला रोगाची लक्षणे सांगावी, त्याप्रमाणे पुढील बाबी कळवाव्यात :

१. प्रणालीचे नाव व आवृत्ती.
२. संगणकाची व प्रिंटरसारख्या जोडयंत्राची कंपनी व नमुना क्रमांक.
३. नेमके काय करावयाचे होते व कोणती कृती केली.
४. पडद्यावर आलेला त्रुटीचा संदेश, अक्षरशः जसाच्या तसा.
५. हे काम पूर्वी होत होते काय आणि त्यानंतर कोणता बदल झाला.
६. आतापर्यंत कोणते उपाय करून पाहिले.

असा प्रश्न लिहून काढताना पुष्कळदा चूक आपोआप लक्षात येते. उत्तर मिळून अडचण दूर झाल्यावर काय उपयोगी पडले ते कळविणे हाही शिष्टाचार आहे. त्यामुळे पुढच्या विचारणाऱ्यास तयार उत्तर मिळते. पडद्याचे छायाचित्र पाठविताना त्यात आधार क्रमांक, लाभार्थ्यांची नावे किंवा परवलीचे शब्द येणार नाहीत, याची दक्षता घेतलीच पाहिजे.

मिळालेले प्रत्येक उत्तर बरोबर असतेच असे नाही. ‘सुडो’ या शब्दाने सुरू होणारी आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालते. ती चुकीची असल्यास संपूर्ण माहिती पुसली जाऊ शकते. अशी आज्ञा समजून घेतल्याशिवाय देऊ नये. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित सेवा आता मराठीतूनही उत्तरे देतात व त्यांचा उपयोगही होतो. परंतु त्या चुकीची आज्ञाही ठामपणे सांगू शकतात. त्यांचे उत्तर अधिकृत पुस्तिकेशी ताडून पाहावे.

कोणत्या वार्ता आवश्यक?

लिनक्सच्या जगात दररोज काही ना काही नवे घडते. नवशिक्याने त्या सर्वांचा मागोवा घेण्याची गरज नाही. त्याला तीनच प्रकारच्या वार्ता आवश्यक आहेत.

पहिली वार्ता सुरक्षिततेच्या सुधारणांची. त्या उपलब्ध झाल्याची सूचना संगणक स्वतः देतो. ती न टाळता सुधारणा बसवून घ्याव्यात. याखेरीज २००४ पासून कार्यरत असलेली ‘सर्ट-इन’ ही केंद्र शासनाची संस्था संगणकीय धोक्यांविषयी वेळोवेळी अधिकृत सूचना प्रसृत करते. त्या कार्यालयांनी पाहाव्यात.

दुसरी वार्ता आधाराच्या मुदतीची. उबुंटूच्या आवृत्तीचा क्रमांक म्हणजे तिच्या प्रकाशनाचे वर्ष व महिना होय. २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मधील आहे. दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व तिला पाच वर्षे नियमित सुधारणा मिळतात, म्हणजे २४.०४ साठी त्या २०२९ पर्यंत मिळतील. कमी क्षमतेच्या संगणकांना झुबुंटू वा लुबुंटू ही हलकी रूपे सोयीची असतात. त्यांच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांसाठी हा काळ तीन वर्षांचा आहे. ही तारीख संगणकावर चिठ्ठी लावून लिहून ठेवणे श्रेयस्कर.

तिसरी वार्ता नव्या आवृत्तीची. तिची घाई करू नये. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत कोणीतरी हेतुपुरस्सर चोरवाट ठेवल्याचे उघडकीस आले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अनपेक्षित विलंब जाणवला. त्याचा छडा लावताना हा प्रकार त्यांच्या लक्षात आला व त्यांनी २९ मार्च रोजी तो सर्वांसमोर मांडला. संहिता खुली असल्याने तपास त्वरेने झाला. दोष काही चाचणीच्या व अगदी ताज्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचला होता. डेबियन व उबुंटू यांच्या स्थिर आवृत्त्या त्यापासून मुक्त राहिल्या. शाळेने व कार्यालयाने स्थिर आवृत्तीच का वापरावी, याचे हे बोलके उदाहरण आहे.

बदलापूर्वीची तपासणी

लिनक्स सर्व कामांना लागू पडेलच असे नाही. काही लेखा-आज्ञावली, डिजिटल स्वाक्षरीची काही उपकरणे व काही प्रिंटर लिनक्सवर चालतीलच याची खात्री नसते. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत तयार केलेले मराठी दस्तऐवज उघडल्यास अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात; ते परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावे लागतात. म्हणून प्रथम पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. त्यामुळे संगणकातील मूळ प्रणालीला धक्का लागत नाही. प्रिंटर, इंटरनेट व मराठी इनस्क्रिप्ट कळफलक ही तीन कामे त्यावर तपासावीत. प्रत्यक्ष बदल करण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत अन्यत्र साठवावी. शासकीय संगणकाच्या बाबतीत वरिष्ठ कार्यालयाची अनुमतीही घ्यावी. केंद्र शासनाने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केलेले आहे.

केरळचा अनुभव

केरळ राज्याने २००१ साली ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू केला व पुढे शाळांतील संगणक-शिक्षणासाठी मुक्त आज्ञावलींचा अवलंब केला. त्याच्या यशाचे कारण शिक्षकांच्या प्रशिक्षणात आहे. तेथे शिक्षकांमधूनच प्रशिक्षक घडविण्यात आले; त्यामुळे एका शाळेतील अडचणीस जवळच्या दुसऱ्या शाळेतून उत्तर मिळू लागले. २०१८ मध्ये ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थ्यांची पथके स्थापन झाली. शाळेतील संगणक-सामग्रीच्या देखभालीस हे विद्यार्थीही हातभार लावतात.

धामणगाव रेल्वेसारख्या तालुक्यात याची लहान प्रमाणावर सुरुवात करणे अशक्य नाही. केंद्रातील एका शाळेने एका जुन्या संगणकावर प्रयोग करावा. दोन शिक्षक, एक ग्रामपंचायत अधिकारी व संगणकाची आवड असलेला गावातील एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी मराठी पाठ एकत्र पाहावेत. एक नोंदवही ठेवावी. तीत तारीख, अडचण, त्रुटीचा संदेश व लागू पडलेला उपाय मराठीत लिहावा. वर्षभरात त्या वहीत जमा होणारी उत्तरे त्याच यंत्रांची, त्याच प्रिंटरची व त्याच विजेच्या तक्रारींची असतील. शेजारच्या गावातील नवशिक्यास ती सर्वांत आधी उपयोगी पडतील आणि संगणक अमरावतीला नेण्याच्या काही खेपा तरी निश्चितच वाचतील.