‘मला’ आणि ‘मले’च्या मधली कादंबरी

बॉससमोर ‘मला’, आणि आईचा फोन आला की जिन्यात जाऊन ‘मले’! अमरावती-अकोल्याहून पुण्या-मुंबईत नोकरीला आलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचा हा रोजचा फंडा. हीच अदलाबदल एका कादंबरीकारानं पानोपानी केली, १९६० साली. उद्धव शेळके, कादंबरी ‘धग’.

ती मी नव्यानं वाचली गुरुकुंज मोझरीला गेले तेव्हा. अमरावतीहून नागपूर हायवेला लागलं की तिवशाच्या अलीकडे तुकडोजी महाराजांचा हा आश्रम, १९३५ पासूनचा. महाराजांनी ‘ग्रामगीता’ ओवीत लिहिली, कारण ती अख्ख्या गावानं मिळून म्हणायची होती. कोण वाचणार, यावरून लिहिण्याची तऱ्हा ठरते ती अशी. इथून जवळच तळेगाव ठाकूर, शेळक्यांचं गाव. त्यांना मात्र गावाला काही शिकवायचं नव्हतं. त्यांना एक घर दाखवायचं होतं.

घर शिंप्याचं. नवरा महादेव, त्याला पुढे महारोग होतो. संसार रेटते ती कौतिक. धाकट्या नामानं शिकावं, एवढाच तिचा हट्ट. शेळके स्वतः शिंप्याच्याच घरातले, त्यामुळे हे दारिद्र्य त्यांनी बाहेरून बघितलेलं नाही. आणि तरी रडारड नाही! काय झालं ते सांगायचं, पुढे जायचं.

खरी गंमत भाषेत आहे. माणसं बोलतात ती अस्सल वऱ्हाडी, कुणासाठीही सोपी न केलेली. निवेदन मात्र बव्हंशी पुस्तकी मराठीत. ‘संवादात बोली, निवेदनात प्रमाणभाषा’ असं कॉलेजात एका ओळीत शिकवून मोकळे होतात. मला ते आता वेगळं दिसतं. निवेदकाची भाषा शाळेत मिळालेली आहे. म्हणजे कौतिक नामासाठी जे मागतेय, नेमकं तेच निवेदकाजवळ आहे, आणि तेवढ्यामुळेच तो तिच्यापासून दोन पावलं लांब उभा आहे. आईची गोष्ट सांगता यावी म्हणून आईच्या भाषेबाहेर पडावं लागणं... जिन्यातला फोन आठवला ना?

उलट तऱ्हा गो. नी. दांडेकरांची. जन्म १९१६, आपल्याच परतवाड्याचा. पोरवयात घर सोडलं, गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली. पायी फिरणाऱ्याचे कान त्यांच्या कादंबऱ्यांना आहेत. ‘पडघवली’ कोकणातली अंबूवहिनी स्वतःच सांगते, ‘पवनाकाठचा धोंडी’ मावळातला, ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडातली. आणि स्वतःच्या परिक्रमेवर लिहिताना नाव काय दिलं? ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’. दुसऱ्यांचे आवाज इतके सहज काढणारा माणूस स्वतःला मात्र ‘कुणी एक’ म्हणतो!

शेळक्यांनी पुढे लेखणीवरच पोट भरलं. १९९२ साली ते गेले, तोवर कादंबऱ्यांचा ढीग लिहून झाला होता. त्यातल्या कितीतरी निव्वळ खपासाठीच्या, त्यावरून समीक्षकांनी नाकंही मुरडली. मला त्यांचा राग येत नाही. ईएमआय भरणाऱ्यानं तर येऊच देऊ नये.

वीकेंडला एकच वाचायची तर ‘धग’ घ्या. सुरुवातीला संवाद अडतील. ते मोठ्यानं वाचा. रूममेट हसला तर हसू दे.