थंडरबर्डची पहिली तीन वर्षं आणि कुर्ल्याची फियाट

या आठवड्याचा एपिसोड ज्यांना ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोललो तसंच लिहिलंय, फक्त मधले "म्हणजे" आणि "अ‍ॅक्च्युअली" कापलेत. ऑडिओमध्ये मागे जी धडधड ऐकू येते ती दिवा-वसई गाडीची. कोपरला ती लाईन आपल्या लोकलच्या डोक्यावरून जाते, त्याला माझा इलाज नाही.

तर विषय. कल्याण-शीळ रोडवरचं प्रीमियर मैदान डोंबिवलीकरांना माहीत असतं ते सभांमुळे. मैदानाला हे नाव ज्या कंपनीवरून पडलं, तिची पद्मिनी माझ्या बाबांनी मुंबईत टॅक्सी म्हणून सतरा वर्षं चालवली. गाडी दुसऱ्याची, बाबा शिफ्टवर. पहाटेची लोकल पकडून जायचे आणि रात्री यायचे तेव्हा शर्टाला पेट्रोलचा वास असायचा. मी इंजिनिअर झालो त्या वासावर.

मागच्या महिन्यात मी त्यांना यूट्यूबवर जुनी अमेरिकन फोर्ड थंडरबर्ड दाखवत होतो. १९५५ ची, दोन सीटची, टप काढता येणारी. बाबांनी पूर्ण व्हिडिओ शांतपणे पाहिला आणि विचारलं, "पॅसेंजर कुठे बसवायचा?"

मी हसलो. पण गंमत म्हणजे, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांचाही शेवटी हाच प्रश्न होता.

व्हर्जन १, २, ३

फोर्डने थंडरबर्ड पहिल्यांदा लोकांना दाखवली फेब्रुवारी १९५४ मध्ये, डेट्रॉइटच्या प्रदर्शनात. शेवरलेने आदल्या वर्षी कॉर्व्हेट आणली होती, तिला उत्तर म्हणून. पण फोर्डने एक हुशारी केली. गाडीला स्पोर्ट्स कार न म्हणता "पर्सनल कार" म्हटलं. म्हणजे शर्यतीसाठी नाही, कुटुंबासाठी नाही, फक्त तुमच्यासाठी. व्ही-एट इंजिन, स्टीलची बॉडी आणि वर-खाली होणाऱ्या काचा. त्या काळच्या कॉर्व्हेटला अशा काचाही नव्हत्या. पुढे ज्याला "पर्सनल लक्झरी कार" म्हणू लागले, तो प्रकार इथून सुरू झाला.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला या गाडीची पहिली तीन वर्षं रिलीज नोट्ससारखी वाटतात. बघा.

१९५५ मॉडेल: १६,१५५ गाड्या विकल्या. फोर्डच्या अंदाजापेक्षा बऱ्याच जास्त. पण तक्रारी आल्या. आत गरम होतं. कडक टप लावला की तिरकं मागचं दिसत नाही. डिक्की लहान, त्यात स्टेपनीने अर्धी जागा खाल्लेली.

१९५६ मॉडेल: पुढच्या मडगार्डवर हवा आत घेणारी झडप दिली. टपाला दोन्ही बाजूंना जहाजाच्या खिडकीसारखी गोल काच मिळू लागली. आज थंडरबर्डचा फोटो पाहून लोक ज्या गोल खिडकीवर फिदा होतात, ती मुळात एका तक्रारीचं उत्तर आहे. आणि स्टेपनी डिक्कीतून काढून मागच्या बंपरवर उभी केली. डिक्की मोकळी झाली, पण सगळं वजन मागच्या टोकाला गेलं आणि गाडी वळवताना त्रास होऊ लागला. एक बग सोडवताना दुसरा घातला. ऑफिसमध्ये हे मी दर शुक्रवारी करतो.

१९५७ मॉडेल: मागची बाजूच लांब केली आणि स्टेपनी परत आत. या वर्षी २१,३८० गाड्या गेल्या. दोन सीटच्या तीन वर्षांतला हा सगळ्यात मोठा आकडा.

आणि मग १९५८ ला फोर्डने दोन सीट बंद करून चार सीटची थंडरबर्ड आणली. या निर्णयामागे होते रॉबर्ट मॅक्नमारा, जे पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: दोन सीटमध्ये गिऱ्हाईक कमी. विक्री ३७,८९२ वर गेली. पहिल्या गाडीचे चाहते आजही हळहळतात, पण हिशोब मॅक्नमारांच्या बाजूने होता. बाबांच्याही.

तेव्हा मुंबईत काय चाललं होतं?

अमेरिकन गाड्या मुंबईला नवीन नव्हत्या. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडत होती. फोर्डही भारतात होती. मग सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो बाहेर पडू लागल्या.

इथे एक मजा सांगतो. नावं तीन, पण क्रायस्लर परदेशी बाजारासाठी प्लिमथचीच बॉडी घेऊन त्यावर डॉज किंग्सवे, डिसोटो डिप्लोमॅट अशी नावं लावायची. आतून एकच अ‍ॅप, लोगो आणि रंग वेगळे.

मग आलं १९५३. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही. ज्यांच्याकडे भाग इथेच बनवायची योजना आहे, त्यांनीच थांबायचं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. म्हणजे ज्या काळात फोर्ड तिकडे थंडरबर्डचा पडदा उघडत होती, त्याच काळात तिचं इथलं दुकान बंद होत होतं. वालचंद १९५३ मध्येच वारले. त्यांची कंपनी टिकली, आणि १९५४ मध्ये तिने इटलीची फियाट ११०० आणली. घरात कोणी सत्तरीच्या पुढचं असेल तर विचारा, त्या गोल गुबगुबीत गाडीला "डुक्कर फियाट" म्हणायचे.

एक गाडी दरवर्षी बदलते, दुसरी थांबते

आता दोन्ही गाड्या शेजारी ठेवा. थंडरबर्डला चार वर्षांत तीन वेळा हात लागला. फियाटचंही सुरुवातीला बरं चाललं होतं, नवी रूपं येत होती. साधारण १९६४ ला "डिलाइट" आली आणि बॉडी तिथेच थांबली. फियाटशी करार संपल्यावर नाव आधी प्रेसिडेंट झालं, १९७४ ला पद्मिनी झालं. पण पत्रा जवळपास तोच आणि १०८९ सीसीचं इंजिनही तेच. इटलीत १९६६ मध्येच मागे पडलेली ही बॉडी आपल्याकडे पुढे तीस-पस्तीस वर्षं बनत राहिली.

का? इंजिनिअर कमी हुशार होते म्हणून नाही. किती गाड्या बनवायच्या ते लायसन्स ठरवणार. नवी बॉडी काढायची तर नवे साचे आणि मशिनरी हवी, त्याला परकीय चलन लागणार, तेही परवानगीने. आणि गिऱ्हाईक? ते वर्षानुवर्षं बुकिंगच्या रांगेत उभं. अमेरिकेतला माणूस डिक्कीवर वैतागला तर समोरच्या शोरूममध्ये जाऊ शकत होता. आपल्याकडे वैतागून जायचं कुठे? ज्याला सोडून जाता येत नाही, त्याच्या तक्रारीला किंमत राहत नाही.

माझा एपिसोड इथेच संपणार होता. स्क्रिप्ट बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "एक राहिलं."

त्यांचं म्हणणं असं. गाडी बदलली नाही म्हणून तिचा प्रत्येक भाग प्रत्येक नाक्यावर मिळायचा. कुर्ल्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात नाव न सांगता नुसता तुटलेला तुकडा काउंटरवर ठेवला तरी चालायचं. गॅरेजमधला पंधरा वर्षांचा पोरगाही कार्ब्युरेटर उघडून बसवायचा. रात्री शीवला क्लच गेला तरी सकाळी गाडी धंद्याला तयार. "दरवर्षी मॉडेल बदललं असतं तर मालकाला परवडलं असतं, मला नाही. गाडी बंद म्हणजे त्या दिवसाचे पैसे बंद."

हे मला खरंच सुचलं नव्हतं. लायसन्स राजचं मी समर्थन करत नाहीये. रांगेत उभ्या राहिलेल्यांची वर्षं परत येत नाहीत. पण अपडेटचा विचार मी नेहमी विकत घेणाऱ्याच्या बाजूने करत होतो. रोज बारा तास वापरून पोट भरणाऱ्याच्या बाजूने केला नव्हता. मागच्याच तिमाहीत आमच्या टीमने अ‍ॅपची पूर्ण स्क्रीन बदलली, आणि रोज वापरणाऱ्यांनी जुनी परत मागितली, तेव्हा आम्ही मीटिंगमध्ये हसलो होतो. मीही हसलो होतो.

मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदवली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. बाबांनी त्याच्या बऱ्याच आधी काम सोडलं होतं. बातमी लागली तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवून पाहिली आणि मग डावा हात स्टीअरिंगखालच्या गिअरवर असल्यासारखा हलवून मला दाखवला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. हात अजून चुकत नाही.

पुढच्या भागात बाबांनाच माइकसमोर बसवतोय. तुमच्या घरात कोणी फियाट, डॉज किंवा टॅक्सी चालवली असेल, तर त्यांच्याच आवाजात दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवा. लवकर विचारा त्यांना. भेटू पुढच्या रविवारी!