वऱ्हाडचा कापूस व विलायतेचे माग

रोहिणखेड येथें इ. स. १४३७ मध्यें खानदेशचा सुलतान व बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जार यांची लढाई झाली. अशा लढायांनीं राजे बदलले. पण कुणब्याच्या तिफणीतून पडणारें बीं कोणासाठीं, हा प्रश्न फारसा बदलला नाहीं. तो बदलला एकोणिसाव्या शतकांत, आणि तोहि लढाईवांचून. २१ मे १८५३ रोजीं निजामानें फौजेच्या थकलेल्या खर्चापोटीं वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखालीं दिलें. हिशेबाच्या वहीनें प्रांत जिंकला गेला!

यंत्रयुगांतील साम्राज्यवादाचें मर्म येथेंच आहे. पूर्वीचा जेता खंडणी घेऊन तृप्त होई. या नव्या जेत्यास गिरण्यांसाठीं कच्चा माल, पक्क्या मालास गिऱ्हाईक आणि सांठलेल्या भांडवलास व्याज देणारी भूमि, हीं तिन्ही हवीं होतीं. लँकेशायरच्या गिरण्यांस मुख्यतः अमेरिकेचा कापूस मिळे. १८६१ मध्यें तेथें यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडील बंदरें कोंडलीं गेलीं, आणि विलायतेची दृष्टि आमच्या काळ्या मातीवर खिळली. कापसाचे भाव भडकले. मलकापुरावरून जाणारी आगगाडी १८६७ मध्यें नागपुरास पोंचली. १८७० मध्यें खामगांवच्या फांट्याचें उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं केलें. एवढ्याशा फांट्यासाठीं व्हाइसरॉयानें कां यावें? कारण त्या रुळांचें दुसरें टोंक जणू मँचेस्टरांत होतें.

परंतु १८६५ मध्यें तें युद्ध थांबतांच भाव कोसळले व मुंबईच्या कित्येक पेढ्या बुडाल्या. आपल्या पिकाचें मोल दूरच्या बाजारांत ठरतें, हें शेतकऱ्यास प्रथमच उमगलें. १८९९-१९०० च्या दुष्काळांत धान्य आणावयास आगगाडी होती. तें विकत घ्यावयास गरिबाच्या पदरीं पैसा नव्हता. तिकडे १८९६ मध्यें देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसली, ती १९२६ मध्यें उठली. १९०२ मध्यें लॉर्ड कर्झन यांनीं वर्षास २५ लक्ष रुपये ठरवून वऱ्हाड निजामाकडून कायमच्या पट्ट्यानें घेतलें. प्रजेस कोणीं विचारलें नाहीं.

या राज्याबरोबर शाळा, टपाल व न्यायकचेऱ्या आल्या, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. पण त्यांचा लाभ प्रथम कोणास झाला? वकिली, कारकुनी व मास्तरकी आपल्याच वर्गाच्या वांट्यास बव्हंशीं आली. सावकारींतहि आपले हात अगदींच कोरडे नव्हते. कुणब्याच्या जमिनी गहाण पडत असतां त्या खतांवरील अक्षर पुष्कळदां आपलेंच होतें. परक्यांस दोष देतांना ही आठवण ठेविली, तरच इतिहास शिकविण्यास आपण पात्र ठरूं.

१९४७ मध्यें तो ध्वज उतरला. वऱ्हाडचा शेतकरी मात्र अद्यापि कापसाच्या जागतिक भावाकडे डोळे लावून बसतो. घरांतील मुलांस राजांच्या सनावळ्या अवश्य शिकवाव्या. परंतु अंगांतील सदरा दाखवून, हा कापूस कोणी पिकविला व त्यास काय मिळालें, हेंहि विचारावें. साम्राज्याचा धडा त्या एका प्रश्नांत सांपडेल.