हँडल आपल्या मापाचे करून घ्या

पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर फाटा, तिथून आत वळून मार्गासनी, विंझर, वेल्हे आणि मग डोंगराच्या अंगाने पासली, पुढे केळद. मढे घाट पाहायला निघालेल्यांना ही वाट सहलीची वाटते. पासलीच्या माणसाला मात्र बाजार, दवाखाना, तहसील कचेरी यांसाठी याच वाटेने जावे लागते, आणि बरेचदा ते मोटारसायकलवरून. चढ, उतार, वळणे, पावसाळ्यात खड्डे. गाडीवरून उतरल्यावर तळहात भरून आलेले, अंगठ्याला मुंग्या, मान धरलेली. ‘रस्ताच तसा आहे’ किंवा ‘आता वय झालं’ म्हणून विषय संपतो.

रस्ता खराब असतो हे खरे. पण या दुखण्याचे आणखी एक कारण आपल्या हातातच असते आणि तेच सहसा तपासले जात नाही. ते म्हणजे हँडल. नवी गाडी घेतल्यावर आपण आरसे आपल्या नजरेला जुळवतो, सीटला कव्हर घालतो. हँडल मात्र कंपनीतून जसे येते तसेच वर्षानुवर्षे राहते. पाच फुटांच्या माणसाला आणि सहा फुटांच्या माणसालाही तेच. अनेक साध्या मोटारसायकलींत ते थोडे मागे-पुढे फिरवता येते. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरही वर-खाली करता येतात.

तीन टेकू

गाडीवर बसलेल्या माणसाच्या शरीराला तीन टेकू असतात : सीट, फूटरेस्ट आणि हँडल. वजन पहिल्या दोघांनी पेलायचे असते. हँडल दिशा देण्यासाठी, ब्रेक आणि क्लच दाबण्यासाठी. हँडल फार पुढे किंवा खाली असेल तर धड पुढे झुकते आणि छातीपासून वरचे वजन तळहातांवर येते. रस्ता पाहण्यासाठी मान मागे मोडावी लागते, वर हेल्मेटचे वजन असतेच. हँडल फार उंच असेल तर खांदे उचललेले राहतात आणि मान व खांद्यामधला स्नायू तासभर आवळून धरला जातो. हँडल फार जवळ असले तर कोपरे बरगड्यांना चिकटतात आणि मनगटे बाहेरच्या बाजूला वळतात.

योग्य बैठक ओळखणे अवघड नाही. खांदे सैल, कोपरे किंचित वाकलेली, आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात जवळजवळ एका रेषेत. वाकलेले कोपर खड्ड्याचा धक्का गिळते. ताठ हात तोच धक्का थेट खांद्यात आणि मानेत पोचवतो.

मनगटात काय होते?

मनगटाच्या आतल्या बाजूला हाडे आणि जाड पट्टा यांनी बनलेला एक अरुंद बोगदा असतो. त्याला कार्पल टनेल म्हणतात. बोटे मिटणाऱ्या नऊ शिरा म्हणजे स्नायूरज्जू आणि ‘मीडियन’ ही एक नस त्यातून जाते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना या नसेकडे असते. मनगट वाकले की बोगद्यातला दाब वाढतो आणि नस दबते.

किती वाढतो? अमेरिकेतील डॉ. रिचर्ड गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत निरोगी माणसाचे मनगट सरळ असताना हा दाब सरासरी २.५ मिलिमीटर पाऱ्याइतका होता. मनगट पूर्ण वर किंवा खाली वाकवल्यावर तो ३० च्या आसपास गेला. ज्यांना या बोगद्याचा आजार आधीच होता, त्यांच्यात सरळ मनगटातही तो ३२ होता. म्हणजे वाकलेले मनगट निरोगी माणसाच्या नसेवरही आजाऱ्याइतका दाब आणते. तासभर त्याच स्थितीत राहिले तर अंगठ्याला मुंग्या येणारच.

करंगळी आणि अनामिकेची दुसरी बाजू बधिर होत असेल तर दबणारी नस वेगळी, ‘अल्नार’. ती तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याजवळून जाते. त्या जागेवर हँडलचा भार पडला की ती दबते. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांत हा त्रास डॉक्टरांना चांगलाच परिचित आहे.

थरथरीचाही यात वाटा असतो. मूठ जितकी घट्ट, तितकी इंजिनाची आणि रस्त्याची थरथर हातात जास्त उतरते. हात दुखतो म्हणून आपण मूठ आणखी आवळतो, आणि दुखणे वाढते.

एकेकाळी पुणेकरांचे डावे मनगटही असेच कामाला लागत असे. १९७२ पासून आकुर्डीत तयार होऊ लागलेल्या बजाज चेतकमध्ये क्लच दाबून डावी मूठच फिरवून गिअर टाकावा लागे. आज गिअर पायाशी आले. उजवे मनगट मात्र अजूनही दिवसभर पीळ देत असते.

बसून पाहा, मग पाना घ्या

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर उभी करा. नेहमीसारखे बसा, पाय फूटरेस्टवर, गुडघे टाकीला टेकलेले. डोळे मिटून हात सहज हँडलवर ठेवा. आता दोन्ही हात अलगद उचला. धड पुढे कोसळू लागले तर वजन हातांवर पडत होते असे समजा. एखाद्याला बाजूने मोबाइलवर फोटो काढायला सांगा. मनगट कुठे मोडते ते फोटोत लगेच दिसते.

दुरुस्ती सोप्या गोष्टीपासून सुरू करा.

पहिली, लिव्हरचा कोन. सरळ बसून चार बोटे लिव्हरवर ठेवा. बोटे वर उचलावी लागून मनगट मागे मोडत असेल तर लिव्हर जास्त वर आहे. तिचा बोल्ट सैल करून, बोटे आणि कोपरापुढचा हात एका रेषेत येईपर्यंत ती खाली फिरवा. अनेकांचे निम्मे दुखणे एवढ्यानेच कमी होते. पुढे डिस्क ब्रेक असेल तर लिव्हरजवळची तेलाची डबीही सोबत फिरते. ती फार कलंडू देऊ नका.

दुसरी, क्लचची ढिलाई. लिव्हरच्या टोकाशी किती ढिलाई हवी ते गाडीच्या पुस्तिकेत असते. बऱ्याच साध्या मोटारसायकलींत ती १० ते २० मिलिमीटर असते. केबल कोरडी पडली असेल तर तेल घाला. जड क्लच घाटात शंभर वेळा दाबणे म्हणजे मनगटाला व्यायाम नव्हे, शिक्षाच.

तिसरी, हँडल. ते दोन क्लॅम्पमध्ये चार बोल्टांनी धरलेले असते. बहुतेक हँडलवर ठोक्याची एक छोटी खूण असते, ती कंपनीने ठरवलेली जागा. बोल्ट थोडे सैल करून हँडल काही मिलिमीटरच मागे किंवा पुढे फिरवा. एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन दिवस गाडी चालवून पाहा. बोल्ट किती आणि कोणत्या क्रमाने आवळायचे हे पुस्तिकेप्रमाणे. हे काम गॅरेजवाल्यासमोर बसून करून घेणे उत्तम. हँडल सैल राहिले तर घाटाच्या वळणावर फिरू शकते.

शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. इंजिनाचा आवाज वाढता कामा नये, केबल किंवा ब्रेकची नळी ताणता कामा नये, बोटे टाकीला लागता कामा नयेत. अ‍ॅक्सिलरेटर सोडताच मूठ स्वतःहून मागे आली पाहिजे. आरसे पुन्हा जुळवा.

हँडल उंच करणारे जोड किंवा बाजारात मिळणारे वेगळे हँडल सहज बसवू नका. केबल अपुऱ्या पडतात आणि गाडीचा तोल बदलतो. मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचीही बंधने आहेत.

ओझे आणि उतार

रिकाम्या गाडीवर जुळवलेली बैठक भरल्या गाडीवर तशीच राहत नाही. ४० लिटरची भरलेली दुधाची एक किटली ४० किलोहून जड असते. मागे अशा दोन किटल्या किंवा तांदळाचे पोते असले की गाडीचा मागचा भाग बसतो, पुढचा हलका होतो आणि हँडल किंचित वर, आपल्या अंगाकडे येते. रोज ओझे नेणाऱ्याने तपासणी ओझ्यासकट करावी. मागच्या चाकातली हवाही ओझ्याप्रमाणे असावी.

खिंडीच्या उतारावर शरीर पुढे घसरते आणि सगळा भार मनगटांवर येतो. तिथे गुडघ्यांनी टाकी धरा, खालचा गिअर ठेवा, म्हणजे इंजिनच गाडी आवरते. खडबडीत पट्ट्यात वेग कमी करून सीटवरून किंचित उठा, धक्का मांड्या घेतील. उजवी मूठ धरताना मनगट सुरुवातीलाच थोडे उंच ठेवा, म्हणजे मूठ पिळल्यावर ते सरळ येते. अर्ध्या तासाने थांबून हात झटका, बोटे उघडमीट करा.

बहुतेक स्कूटरचे हँडल असे फिरवता येत नाही. तिथे सीटवर पुढे-मागे सरकून योग्य जागा शोधावी आणि ब्रेक बोटांच्या आवाक्यात आहेत का ते पाहावे. पावसाळ्यात रेनकोटच्या ताणणाऱ्या बाह्यांनी हात आखडतो, म्हणून बाही सैल हवी.

डॉक्टरांकडे कधी?

गाडीवरून उतरल्यावर काही मिनिटांत जाणाऱ्या मुंग्या बैठक सुधारल्यावर बहुधा कमी होतात. मात्र रात्री झोपेतून हात बधिर होऊन जाग येत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, अंगठ्याच्या मुळाचा फुगीर भाग सपाट होत असेल किंवा मानेतून हातात कळ जात असेल, तर हँडल फिरवत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. मधुमेह, थायरॉइडचा विकार आणि गरोदरपण यांत मनगटातली नस दबण्याची शक्यता जास्त असते. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी आणि विश्रांती यांनी अनेकांना आराम पडतो. उशीर झाला तर स्नायूंची गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही.

हाच हात गाडीवरून उतरून गोठ्यात धार काढतो आणि आषाढात चिखलात भाताची रोपे लावतो. त्या कामांतही मनगट वाकलेलेच असते, म्हणून गाडीवर तरी त्याला सरळ राहू द्यावे. शिवाय वळणावर समोरून अचानक गुरे किंवा एसटी आली तर ब्रेक दाबायला हवी असतात ती बधिर न झालेली बोटे. वीस मिनिटांचे हे काम पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी आवर्जून करून घ्या.