‘वास्तव’ बोलपटांतील एक प्रसंग

गुन्हेगारीवरील बोलपट पाहून घरांतील मंडळींनीं कांहीं शिकावें, अशी अपेक्षा आम्हीं कधींच बाळगली नाहीं. तथापि सन १९९९ मध्यें निघालेल्या ‘वास्तव’ ह्या महेश मांजरेकर-दिग्दर्शित हिंदी बोलपटाची गोष्ट निघाली, कीं आमच्याकडे दोन पक्ष पडतात. मुलांना त्यांतील पन्नास तोळे सोनें आठवतें, बायकांना शेवट. आम्ही बायकांच्या पक्षाचे.

बोलपट एकंदरींत निराशाच करतो. मुंबईतील चाळींत वाढलेला रघू पावभाजीची गाडी लावतो, भांडणांत त्याच्या हातून खून होतो आणि तो टोळ्यांच्या जगांत ओढला जातो. इथवर ठीक. रचनाही चांगली योजिली होती: आरंभीं समुद्रकिनारीं श्राद्धविधि चालला आहे, आणि नातवानें विचारल्यावरून आजी त्याच्या बापाची हकीकत सांगूं लागते. म्हणजे सारी कथा मातेच्या तोंडची. परंतु जें आई कधीं सांगणार नाहीं, किंबहुना जें तिला ठाऊक असणेंही शक्य नाहीं, त्यांतच दिग्दर्शक रमतो. मारामाऱ्या, गाणीं, पिस्तुलांचा दिमाख! गळ्यांत सोनें घालून घरीं आलेला रघू आईपुढें त्याचें वजन मिरवितो, हा प्रसंग वस्तुतः लाजिरवाणा; पण तो अशा थाटानें रंगविला आहे, कीं आमच्या शाळेंतलीं पोरें मधल्या सुटींत त्याची नक्कल करीत. आसनगांवाहून पहाटेच्या लोकलनें मुंबईस कामाला जाणाऱ्या तरुणांना त्यांतून काय भावलें असेल, ह्याची आम्हांस धास्तीच वाटे.

शेवटीं मात्र कथा पुन्हां आईच्या हातीं येते. ज्यांच्या जिवावर माजला त्यांनींच टाकून दिलेला, भ्रमिष्ट झालेला रघू आपलेंच पिस्तूल तिला देऊन सुटकेची याचना करतो, आणि ती गोळी झाडते. दिवंगत रीमा लागू ह्या संजय दत्त यांच्याहून जेमतेम वर्षानें मोठ्या होत्या; पाहतांना तें क्षणभरही मनांत येत नाहीं.

येथें ‘मदर इंडिया’ आठवल्यावांचून राहत नाहीं. सन १९५७ च्या त्या बोलपटांत नर्गिस यांनीं ज्या बिरजूवर गोळी झाडली, त्याचें काम सुनील दत्त यांनीं केलें होतें. पुढल्याच वर्षीं उभयतांचा विवाह झाला, आणि ‘वास्तवां’तील रघू हा त्याच दांपत्याचा पुत्र! पण तेथें राधा गांवच्या लेकीची अब्रू राखण्यासाठीं पुत्र मारते. सारा गांव तिच्या पाठीशीं आहे. रघूच्या आईपाशीं असा कोणताच आधार नाहीं. ती फक्त पोराचे हाल थांबविते.

संस्कृत नाटककार रंगभूमीवर मृत्यु दाखविण्याचें सहसा टाळतात. भासानें ‘ऊरुभंगां’त तो दाखविला, आणि मरणोन्मुख दुर्योधनाजवळ गांधारीला व लहानग्या दुर्जयाला आणून उभें केलें. पोराला बापाच्या मांडीवर बसावयाचें आहे, आणि मांड्या तर भंगलेल्या! दुर्योधनाचे अपराध आपण तेवढ्यापुरते विसरतों. रघूचेही आम्ही विसरलों. मग एकदम तो समुद्रकिनारा आठवला. बाप कसा गेला, असें त्या नातवानें विचारलें, तर तें सांगावयाचें आहे ज्या हातांनीं त्याला मारलें त्या आजीनेंच.