प्लॅटिनम, पाणी आणि चरबी

गेल्या आठवड्यातल्या, आइन्स्टाइनच्या बंद लिफ्टच्या विचारप्रयोगातल्या नेमक्या कच्च्या जागेवर एका वाचकाने बोट ठेवले आहे. आतल्या माणसाला गुरुत्व आणि त्वरण यांतला फरक कळत नाही, हे मान्य. पण लोखंड आणि लाकूड अगदी बरोबरीने पडत असतील तरच ना? त्यात केसभरही फरक नाही, हे मोजले कोणी?

मोजले बुडापेस्टच्या लोरांद ओत्वोशने, आणि तेही काहीएक खाली न टाकता.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून ओळंबा थेट तिच्या केंद्राकडे रोखलेला नसतो. बुडापेस्टच्या अक्षांशावर ही फिरकी त्याला जेमतेम एक दशांश अंश दक्षिणेकडे ढकलते. खाली ओढणारे बल गुरुत्वीय वस्तुमानावर ठरते, बाहेर फेकणारे जडत्वीय वस्तुमानावर. या दोहोंचे प्रमाण पदार्थागणिक बदलत असते, तर लोखंड आणि लाकूड बरोबरीने पडले नसते, आणि प्लॅटिनमचा ओळंबा आणि तांब्याचा ओळंबा किंचित वेगवेगळे कलले असते.

हा फरक पकडायला ओत्वोशने बारीक तारेला पूर्व-पश्चिम अशी आडवी दांडी टांगली. एका टोकाला प्लॅटिनम. दुसऱ्या टोकाला कधी तांबे, कधी पाणी, लाकूड, अ‍ॅस्बेस्टॉस, अगदी जनावराची चरबीसुद्धा! फरक असता तर दांडी वळून तारेला पीळ पडला असता. पण तारेत आधीपासून असलेला पीळ वेगळा कसा काढायचा? सगळे उपकरणच अर्धे फिरवून पूर्वेचे टोक पश्चिमेला न्यायचे, आणि दांडीवरच्या आरशात दिसणारी मोजपट्टी दुर्बिणीतून पुन्हा वाचायची. तारेचा स्वतःचा पीळ दोन्ही वेळा तोच, पदार्थांमुळे पडणारा मात्र उलटा.

उपकरण विलक्षण हळवे होते. १९०१ साली ओत्वोशने ते गोठलेल्या बालातोन सरोवराच्या बर्फावर नेऊन गुरुत्वातले बारीक चढउतार टिपले. पुढे तेल शोधणाऱ्यांनीही तेच उचलले.

१८८९ मध्ये त्याने सांगितले, दोन कोटींत एका भागाइतकाही फरक नाही. पेकार आणि फेकेते या सहकाऱ्यांबरोबर १९०९ पर्यंत त्याने ही मर्यादा वीस कोटींत एकपर्यंत नेली. आइन्स्टाइनने ग्रोसमनसोबत लिहिलेल्या १९१३ च्या निबंधात ओत्वोशच्याच मोजमापांचा आधार घेतला आहे. सविस्तर अहवाल मात्र ओत्वोशच्या मृत्यूनंतर, १९२२ साली छापून आला.

त्या अहवालानेच १९८६ मध्ये खळबळ उडवली. अमेरिकेतल्या एफ्राइम फिशबाख आणि सहकाऱ्यांनी जुने आकडे पुन्हा तपासले आणि त्यातल्या बारीकसारीक तफावतींत एक शिस्त दिसते, असा दावा केला. चार मूलभूत बलांपलीकडचे पाचवे बल असावे, असा त्यांचा तर्क होता. मग ठिकठिकाणी पुन्हा तारा टांगल्या गेल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या रामनाथ कौसिक आणि त्यांच्या चमूने कर्नाटकात गौरीबिदनूरला जमिनीखाली आपला पीळ-तराजू मांडला. पाचव्या बलाचा माग तिथेही लागला नाही, इतरत्रही नाही. ओत्वोशच्या नोंदींत ती तफावत कशाने आली, याबद्दल मात्र आजही एकमत नाही.

या नादात आज सांगायचे ठरलेले, गुरुत्वाने प्रकाशकिरणाला पडणारे वळण राहून गेले. ते पुढच्या आठवड्यात.