रापणे, वांग आणि गोरेपणाची घाई

उन्हामुळे त्वचेत होणाऱ्या बदलांसाठी मराठीने दोन वेगळे शब्द जपले आहेत. शेतात राबणाऱ्याचा, होडी घेऊन समुद्रात जाणाऱ्याचा चेहरा रापतो. तिशी-पस्तिशीतल्या बाईच्या दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी छटा उमटते, ती मात्र वांग. रापलेपण सावलीत काही आठवडे काढले की उतरते. वांगाचे डाग वर्षानुवर्षे मुक्काम करतात, फिकट होतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गडद होतात. म्हणजे या दोन शब्दांत दोन वेगळी निदाने आहेत. बाजाराने मात्र दोन्हींना 'काळेपणा' हे एकच नाव दिले आणि त्यावर गोरेपणा हा एकच उपाय सांगितला. या सरमिसळीची किंमत अनेकींच्या चेहऱ्याने मोजली आहे, म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे गरजेचे आहे.

त्वचा काळवंडते ती स्वतःच्या रक्षणासाठी. बाह्यत्वचेच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात आणि त्याचे कण आपल्या लांब शाखांमधून आसपासच्या तीसेक पेशींना वाटतात. हे कण प्रत्येक पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखे जमतात आणि आतल्या डीएनएवर सावली धरतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनएला इजा झाली की पेशी रासायनिक संदेश पाठवते आणि रंगपेशी कामाला लागतात. हेच रापणे. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो रंगकणांच्या आकारात आणि ते किती काळ टिकतात त्यात. बाह्यत्वचा साधारण महिना-दीड महिन्यात नवी होते, जुन्या पेशींबरोबर रंगही झडतो, म्हणून रापलेपण आपोआप ओसरते.

वांगात ही यंत्रणा शांत होत नाही. आयुर्वेदाला हा विकार 'व्यंग' या नावाने ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत तो क्षुद्ररोगांत येतो आणि क्रोध व श्रम ही त्याची कारणे सांगितली आहेत. आजच्या वैद्यकानुसार त्यामागे तीन गोष्टी असतात : आनुवंशिक कल, स्त्री-संप्रेरके आणि ऊन. त्यामुळे गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू असताना वांग उमटते; पुरुषांनाही ते होते, पण कमी प्रमाणात. वांगाच्या त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर वाढलेल्या रंगाखेरीज आणखी काही दिसते. खालच्या थरातले तंतू उन्हाने जीर्ण झालेले असतात, रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात, दोन थरांमधला पडदा जागोजागी विरलेला असतो. म्हणजे डाग वर दिसतो, पण बिघाड खाली असतो. वरचा रंग घासून किंवा सोलून काढला तरी खालची जमीन तीच राहते आणि डाग परत येतो.

घासण्याचा विषय निघाला आहे तर आणखी दोन गैरसमज पाहू. मानेचा मागचा भाग, काखा काळ्या आणि मखमलीसारख्या जाड दिसू लागल्या की घरात 'नीट अंघोळ कर' असे ऐकवले जाते. प्रत्यक्षात ही खूण बऱ्याचदा शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्याची असते. तिथे वजन आणि रक्तातली साखर तपासायला हवी. पाठीवर, दंडांवर नायलॉनच्या घासणीने वर्षानुवर्षे घासल्याने तर नवाच काळेपणा येतो. दुसरा गैरसमज लिंबाचा. लिंबाच्या रसात आणि सालीत अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे महिनोन् महिने टिकणारा गडद डाग राहतो. डाग घालवायला लिंबू चोळून उन्हात जाणे म्हणजे नवा डाग ओढवून घेणे. दिवाळीच्या उटण्याचे नाते सुगंधाशी आणि स्वच्छतेशी आहे, ते तिथेच राहू द्यावे.

मग करायचे काय? उत्तर साधे आहे, पण त्यात आकर्षक काही नाही : सावली. मार्च ते जून या महिन्यांत महाराष्ट्रात निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक अकराच्या वर जातो. जागतिक मोजपट्टीत ही सर्वांत वरची, 'अतितीव्र' पायरी आहे. सकाळी अकरा ते दुपारी तीन हा काळ टाळता आला तर निम्मे काम होते. टाळता येत नसेल तर छत्री, रुंद काठाची टोपी, डोक्यावरून घेतलेला पदर. दुचाकीवरून जाताना चेहऱ्याला ओढणी गुंडाळणाऱ्या पुण्याच्या मुलींची पुष्कळ थट्टा झाली; पण घट्ट विणीचे कापड हे उत्तम सनस्क्रीन आहे आणि ते घामाने वाहून जात नाही.

सनस्क्रीनबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली प्रमाणाची. डबीवरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड थर लावून काढलेला असतो. घरी आपण बहुधा त्याच्या निम्मासुद्धा लावत नाही. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेषांइतके क्रीम लागते, आणि बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. दुसरी गोष्ट आकड्याची. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के अतिनील-ब किरण अडवते; त्यापुढे आकडा दुप्पट झाला तरी फायदा एक-दोन टक्क्यांचाच. रंग गडद करणाऱ्या अतिनील-अ किरणांसाठी 'पीए' आणि त्यापुढची अधिक चिन्हे पाहावीत. हे किरण खिडकीच्या काचेतूनही येतात. तिसरी गोष्ट आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या लोकांसाठी विशेष महत्त्वाची. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही सावळ्या त्वचेत टिकाऊ काळेपणा आणतो. गोऱ्या त्वचेत तो तसा आणत नाही. पांढरे सनस्क्रीन हा प्रकाश फारसा अडवत नाही. लोहाची ऑक्साइडे असलेले, त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन तो अडवते. म्हणून वांगासाठी छटा असलेले सनस्क्रीन निवडावे.

औषधांचा क्रम यानंतर येतो. ॲझेलेइक आम्ल रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला आवर घालते. हायड्रोक्विनोन त्याहून प्रभावी आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही महिन्यांपुरतेच वापरायचे. मनमानी वापराने त्वचेत निळसर-काळा कायमचा डाग बसतो. दक्षिण आफ्रिकेत रंग उजळवणाऱ्या क्रीममुळे तो झाल्याची नोंद १९७५ मध्येच झाली. जपानमध्ये रक्तस्राव थांबवण्यासाठी शोधलेले ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आता वांगासाठीही दिले जाते. ज्यांना रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आहे त्यांनी मात्र त्याच्या गोळ्या घेऊ नयेत. लेझर सावळ्या त्वचेवर जपूनच वापरावे लागते, कारण उष्णतेनेच नवा काळेपणा येऊ शकतो. गरोदरपणात यांपैकी बरीच औषधे टाळतात. तेव्हा सनस्क्रीन आणि धीर यांवरच भागवावे लागते.

१९७५ हे साल आणखी दोन कारणांनी लक्षात राहण्याजोगे आहे. त्याच वर्षी अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड यांचे तिहेरी मिश्रण मांडले. त्याच वर्षी भारतात 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली, जिच्या नावातला 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये गेला. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नव्हता. पण पुढच्या काळात गोरेपणाच्या ओढीने डॉक्टरांचे मिश्रण औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घराघरांत नेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील बहुकेंद्री पाहणीत चेहऱ्याच्या त्वचाविकाराच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत असल्याचे आढळले. स्टिरॉइडने आठवड्याभरात चेहरा उजळतो, हीच त्याची फसवणूक. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते. क्रीम थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा लावले जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पण शेजारणीने सांगितलेली ट्यूब अजून दुकानातून हातात पडते.

याहून भयंकर कथा बिननावाच्या डब्यांची आहे. त्यांपैकी काहींत पारा असतो. पारा टायरोसिनेजला निकामी करतो, म्हणून रंग उतरतो. पण तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील मूत्रपिंडतज्ज्ञांनी एका विशिष्ट विकाराच्या रुग्णांचा माग काढला, तेव्हा तो गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोहोचला. ज्या डबीवर निर्मात्याचा पत्ता, घटकांची यादी आणि परवाना क्रमांक नाही, ती कितीही गुणकारी वाटली तरी चेहऱ्याला लावू नये.

त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्यावर पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'किती दिवसांत जाईल' असा असतो. प्रामाणिक उत्तर असे : फिकट व्हायला तीन-चार महिने लागतील, पूर्ण जाईलच असे नाही, आणि उपचार थांबले तरी सावली व सनस्क्रीन कायम ठेवावे लागेल. मधुमेह किंवा रक्तदाब आपण असाच आटोक्यात ठेवतो. वांगाकडेही तसेच, आटोक्यात ठेवण्याचा विकार म्हणून पाहिले, तर त्यावरचा उपचार सोसण्याजोगा आणि सुरक्षित होतो. आणि केवळ रापलेल्या चेहऱ्याला तर उपचाराचीच गरज नाही.